एक तास वीस मिनिटांचं कनेक्शन: सोलापुरातून पहिल्यांदा परदेशी निघणाऱ्यांसाठी

टॉवेलच्या धंद्यामुळं दर जानेवारीत मला फ्रँकफर्टला जावं लागतं. तिथं हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि ते नेमकं आपल्या गड्डा यात्रेच्या आसपास येतं. इकडं सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक निघालेली असते आणि तिकडं मी कुठल्या तरी विमानतळावर पट्टा काढून, बूट हातात धरून रांगेत उभा असतो. घरच्यांची त्याबद्दलची नाराजी अजून गेलेली नाही.

एवढ्या खेपा झाल्यामुळं गल्लीत आता ‘विमानाचं त्यांना विचारा’ असं झालंय. कुणी मुलाकडं अमेरिकेला निघालेलं असतं, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणाचं पोरगं शिकायला जर्मनीला. सगळ्यांचा प्रश्न एकच: मधे विमान बदलायचंय, वेळ थोडा आहे, मिळेल का? मिळतं. पण ते धावून मिळतं असा जो समज आहे तो तेवढा खरा नाही. निम्मं काम तिकीट काढताना होतं, पाव मुंबईच्या काउंटरवर, आणि राहिलेलं पाव तिथं उतरल्यावर. म्हणून लेखाची सुरुवात तिकिटापासून.

तिकीट: पीएनआर एकच हवा

माझ्या पहिल्या खेपेला मी दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती. मुंबई ते आखातातलं एक शहर एका कंपनीचं, तिथून फ्रँकफर्ट दुसऱ्या कंपनीचं. आठ-नऊ हजार वाचत होते. तिकीट काढून देणारा म्हणाला, “मधे दोन तास आहेत की हो, कशाला टेन्शन घेताय?” मुंबईचं विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. उतरलो तेव्हा कळलं की माझी बॅग फक्त त्या शहरापर्यंतच होती. ती घ्यायची तर त्या देशात शिरायला हवं, शिरायला व्हिसा हवा, आणि व्हिसा माझ्याकडं नव्हता. दुसऱ्या कंपनीच्या लेखी मी आलोच नव्हतो, त्यामुळं तिकीट बाद. तिथंच नवं तिकीट घेतलं. वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट गेले. सगळे नमुने बॅगेत होते. स्टॉल उघडला तेव्हा गिऱ्हाइकाला दाखवायला माझ्याकडं हँडबॅगमधले दोन नॅपकिन होते.

म्हणून पहिलं बघायचं ते हे: सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, एकाच तिकिटात आहे का? असेल तर तीन गोष्टी होतात. मुंबईत दिलेली बॅग बहुतेक वेळा थेट शेवटच्या गावी जाते. दोन्ही बोर्डिंग पास मुंबईतच मिळतात. आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळं दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते. दोन तिकिटं असतील तर यातलं काहीच गृहीत धरू नका. काही वेबसाइट स्वस्त दाखवण्यासाठी दोन वेगळ्या तिकिटांची जोडी लावून देतात. बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’ असं काही दिसलं की ते पान बंद करायचं.

दुसरं, ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे मधल्या देशात नुसतं विमान बदलण्यापुरता लागणारा व्हिसा. आखातात विमानतळाच्या आतच विमान बदलायचं असेल तर सहसा लागत नाही. लंडनवरून जाताना मात्र भारतीय पासपोर्टला, विमानतळाबाहेर पडणार नसलात तरी, ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेसारख्या काही देशांचा चालू व्हिसा असेल तर सूट मिळते. युरोपात शेंगेन देशांतली, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांतली, दोन विमानतळं मधे येत असतील, म्हणजे समजा फ्रँकफर्टला उतरून म्युनिक आणि तिथून पुढं, तर पहिल्याच ठिकाणी तुम्ही युरोपात शिरता आणि शेंगेन व्हिसा लागतो. हे नियम बदलत राहतात, म्हणून शेजाऱ्याचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव धरून चालू नका. काउंटरवरचा माणूस ‘टिमॅटिक’ नावाच्या व्हिसा-नियमांच्या यादीत बघून ठरवतो. तिकिटाचे पैसे भरण्याआधी कंपनीला तुमचा पासपोर्ट आणि तुमचा मार्ग सांगून विचारा.

तिकिटावरच्या ८० मिनिटांतली तुमची किती?

समजा मुंबईहून पहाटे ४:२० ला सुटलेलं विमान ५:२० ला दोह्याला पोचतं असं तिकिटावर आहे. शेजारच्या काकांनी ते वाचून विचारलं होतं, “एका तासात? एवढ्यात तर आपलं मोहोळसुद्धा येत नाही एसटीनं.” तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहे, म्हणजे विमान साडेतीन तास उडालं. दुबई दीड तास मागं. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन.

आता पुढचं विमान ६:४० ला. मधे एक तास वीस मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं. पण ६:४० ही विमान हलायची वेळ आहे. गेट त्याआधी पंधरा-वीस मिनिटं बंद होतं, आणि बंद म्हणजे बंद. समोर विमान उभं दिसत असलं तरी आत सोडत नाहीत. २० गेली. मागच्या बाजूला बसला असाल तर विमानातून बाहेर पडायलाच १५ ते २० मिनिटं लागतात. आणखी २० गेली. विमान इमारतीला न लागता लांब उभं राहिलं आणि बसनं नेलं, तर अजून दहा-पंधरा. उरली २५ ते ४० मिनिटं. त्यात पुन्हा सुरक्षा तपासणी आणि चालणं.

प्रत्येक विमानतळाचा कमीत कमी कनेक्शनचा वेळ ठरलेला असतो, धंद्यातले लोक त्याला एमसीटी म्हणतात. एका तिकिटात त्याहून कमी वेळ कॉम्प्युटर देतच नाही. म्हणजे ८० मिनिटांचं तिकीट मिळालं याचा अर्थ ते जमणारं आहे. पण कुणाला? ज्याच्या पाठीला एकच सॅक आहे आणि ज्याला पाट्या वाचायची सवय आहे त्याला. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी आखातात दोन तास सांगतो, मधे इमिग्रेशन असेल तर तीन, आणि बरोबर साठीपुढची माणसं असतील तर कुठंही तीन. अमेरिकेचं वेगळं आहे, ते पुढं येईल.

पहिलं कनेक्शन सोलापूर स्टेशनवर असतं

आपल्याकडच्या माणसाचं विमान चुकतं ते बऱ्याचदा इथंच, आणि हे कनेक्शन कुठल्याच पीएनआरवर नसतं. रेल्वे उशिरा पोचली म्हणून विमान कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही.

सगळ्यात मोठा घोळ तारखेचा. मुंबईहून आखाताकडं आणि युरोपकडं जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १४ तारीख, वेळ ०२:३० असेल तर तुम्हाला १३ तारखेच्या रात्री अकरापर्यंत विमानतळावर पोचायचंय. आमच्या ओळखीच्या एका घरानं १४ तारखेचं विमान म्हणून १३ च्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसची तिकिटं काढून ठेवली होती. सिद्धेश्वर रात्री सुटून सकाळी मुंबईत पोचते, तोवर ते विमान आखातात उतरून प्रवासी चहा पीत बसले असते. कॅलेंडरवर गोल करायचा तो १३ वर. आणि खाली लिहायचं, ‘रात्री विमानतळ’.

अशा विमानासाठी सकाळची वंदे भारत बरी. सहाच्या सुमारास सुटते, दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तो आधी बघून घ्या. दुपारभर नातेवाइकाकडं पाठ टेकायची आणि रात्री निघायचं. सीएसएमटीहून आता भुयारी मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टर्मिनल २ पर्यंत जाते, पण २३ किलोच्या दोन-दोन बॅगा आणि म्हातारी माणसं असतील तर सरळ टॅक्सी करा. गाडीनंच मुंबईला जायचं तर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर धरा आणि खंडाळ्याच्या घाटातली कोंडी त्यात मोजा. मी स्वतः गाडीनं जायचं झालं तर विमानाच्या आधी बारा तास घर सोडतो. बायको हसते, हसू दे.

तिकिटावर विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघायला विसरू नका. ‘बीओएम’ म्हणजे मुंबईचा जुना, ‘एनएमआय’ म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हणालात तर तो तुम्हाला कुठंही नेऊ शकतो. आणि हैदराबादचाही विचार करा. शमशाबाद आपल्यापासून साधारण तीनशे किलोमीटर. घाट नाही, शहरात शिरावं लागत नाही, बाहेरच्या रिंग रोडनं थेट विमानतळ. आपल्याकडची कितीतरी पद्मशाली कुटुंबं तिकडूनच जातात, नातेवाईकही तिथं असतात.

मुंबईचं काउंटर: टॅग वाचल्याशिवाय हलू नका

आंतरराष्ट्रीय विमानाचं काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं. तुम्ही तीन तास आधी पोचा.

बॅग पट्ट्यावर ठेवली की तो माणूस एक लांब पांढरी पट्टी छापून कडीत ओवून चिकटवतो. ती पुढं सरकायच्या आत तिच्यावर वाका आणि वाचा. सगळ्यात मोठ्या तीन अक्षरांत तुमच्या शेवटच्या विमानतळाचा कोड हवा. मधलं विमानतळ बारीक अक्षरात असतं. फ्रँकफर्टला जायचंय आणि मोठ्या अक्षरांत मधल्याच गावाचा कोड असेल, तर बॅग तिथंच उतरणार. लगेच विचारा. मराठीत विचारलं तरी चालतं, मुंबईत काउंटरवर मराठी बोलणारं कुणीतरी सापडतंच: “बॅग शेवटपर्यंत जाणार ना?” त्या पट्टीचा छोटा तुकडा तुमच्या बोर्डिंग पासच्या मागं चिकटवून देतात. त्यावर दहा आकडी नंबर असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पुढच्या विमानाचा बोर्डिंग पासही हातात घ्या. त्यावर गेट नंबर नसला तर घाबरू नका, तो तिथं पोचल्यावर पडद्यावर येतो.

सामानाबद्दल दोनच गोष्टी. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच लागते. तशी सापडली तर बॅग बाजूला काढतात, मग तुम्ही विमानात आणि बॅग मुंबईत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत, त्या पेट घेणाऱ्या मालात मोजतात. दुसरी गोष्ट शेंगा चटणीची. ती मोठ्या बॅगेत घाला. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर असेल तर वेगळी तपासणी होते, आणि शेंगा चटणी ही पावडर आहे हे तुम्हाला पटो न पटो, त्यांना पटलेलं असतं. पॅकेट फोडून बघायला लागले की तुमची दहा मिनिटं गेली.

हातातल्या बॅगेत दोन दिवसांची औषधं, चिठ्ठीसकट, एक कपड्यांचा जोड आणि स्वेटर ठेवा. मे महिन्यात बेचाळीस अंशांतून निघालेल्या माणसाला स्वेटर आठवत नाही, आणि विमानतळावर मात्र आपल्याला फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं होतं.

पोस्टकार्ड

ही माझी युक्ती. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहायच्या आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये घालायच्या. पहिली ओळ पुढच्या विमानाचा नंबर. दुसरी गेट बंद होण्याची वेळ, तिथल्या घड्याळाप्रमाणे. तिसरी शेवटच्या विमानतळाचा कोड.

गावाचं नाव शोधण्यापेक्षा नंबर शोधा. पडद्यावर एकाच गावाची तासाभरात दोन-तीन विमानं असतात, आणि काका ‘फ्रँकफर्ट’ दिसलं की त्या गेटकडं निघतात. शिवाय एकाच विमानाला दोन-तीन कंपन्यांचे नंबर असतात, पडद्यावर ते आलटून पालटून दिसतात. तुमचा दिसेपर्यंत दहा सेकंद थांबा.

विमानात

सीट निवडताना पुढची आणि कडेची घ्या, खिडकी राहू द्या. मोबाइलमध्ये विमानतळाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा, तिथं वाय-फाय मिळेलच असं नाही. विमान उशिरा सुटलं असेल तर उतरायला तासभर असतानाच एअर होस्टेसला बोर्डिंग पास दाखवा आणि तीनच शब्द म्हणा, “शॉर्ट कनेक्शन, प्लीज.” कधी कधी त्या पुढच्या रिकाम्या जागी आणून बसवतात. कधी नुसतं हसतात. विचारायला काय जातंय?

व्हीलचेअरबद्दल इथंच सांगतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, “मी चालते की धडधाकट. लोक काय म्हणतील?” आणि त्यांची सून म्हणत होती, इंग्रजीची अडचण नको, घ्याच. व्हीलचेअरबरोबर माणूस मिळतो, तो रांगेतून पुढं नेतो, गेटवर पोचवतो, हे खरं. पण व्हीलचेअरवाले प्रवासी विमानातून सगळ्यात शेवटी उतरतात, आणि खुर्ची येईपर्यंत दारात थांबावं लागतं. ८० मिनिटांच्या कनेक्शनमधला अर्धा वेळ तिथंच संपतो. गुडघे खरंच दुखत असतील तर निदान ४८ तास आधी कंपनीला कळवून घ्या आणि तिकीट तीन तासांच्या अंतराचं काढा. नुसत्या इंग्रजीसाठी घेऊ नका, असं माझं मत. ज्यांना खरी गरज असते ते मागं ताटकळत राहतात. काकूंनी घेतली नाही. पोस्टकार्ड घेतलं.

उतरल्यावर

विमानाच्या दारातून बाहेर पडल्यावर पहिली पन्नास पावलं महत्त्वाची, कारण गर्दी ज्या बाजूला वळते त्या बाजूला आपण वळतो. गर्दीतल्या निम्म्या लोकांना त्याच गावात उतरायचं असतं. ‘अरायव्हल’ किंवा ‘बॅगेज क्लेम’ लिहिलेल्या पाटीकडं जायचं नाही. आपली पाटी ‘ट्रान्सफर’ किंवा ‘कनेक्टिंग फ्लाइट्स’. लंडनच्या हीथ्रोवर ती जांभळ्या रंगाची असते. चुकून इमिग्रेशनच्या रांगेत लागलात तर वीस मिनिटांनी खिडकीशी पोचल्यावर कळतं.

दारातच कधी कधी कंपनीचे लोक गावांची नावं लिहिलेल्या पाट्या धरून उभे असतात. तुमचं गाव दिसलं तर थेट त्यांच्या मागं जा, ते जवळच्या वाटेनं नेतात.

मग पहिला मोठा पडदा. नंबर शोधा, गेट बघा, घड्याळ तिथल्या वेळेवर आहे ना ते बघा. दुबईत टर्मिनल ३ मधल्या गेटांच्या इमारतींमध्ये जमिनीखालून ट्रेन आहे. फ्रँकफर्टला एका टर्मिनलवरून दुसऱ्याकडं जायला वरून धावणारी छोटी ट्रेन आहे. हीथ्रोला टर्मिनल बदलायचं तर बस. म्हणजे नकाशात जवळ दिसणारं गेट पायी वीस मिनिटं लांब असू शकतं.

तपासणी पुन्हा होते. मुंबईत झाली म्हणून तिथं सोडत नाहीत. एक दृश्य मी इतक्या वेळा बघितलंय: रांगेत ट्रे हातात आल्यावर माणूस खिसे चाचपायला लागतो. किल्ल्या निघतात, सुपारीची डबी निघते, पट्टा राहतो. दारातून गेल्यावर शिट्टी वाजते, परत माघारी. काकूंच्या पाटल्या, काकांचा कमरेचा करदोटा. मागची रांग बघत असते आणि मग हात आणखी थरथरतात. म्हणून विमान उतरायला लागलं की बसल्या जागीच खिशातलं सगळं, घड्याळ आणि पट्टा हातातल्या बॅगेत टाकायचं. पाण्याची बाटली पिऊन संपवायची. शंभर मिलिलिटरच्या वरची बाटली जाईलच असं धरू नका, मग त्यात तूप असो की खोबरेल. मुंबईच्या ड्युटी फ्रीमध्ये द्रव वस्तू घेतली असेल तर तिची सील केलेली पिशवी पोचेपर्यंत फाडायची नाही.

तपासणी झाली की सरळ गेटपर्यंत जायचं. चहा, बाथरूम, घरी फोन, सगळं गेट डोळ्यांनी बघितल्यावर. दोह्याच्या विमानतळावर मधोमध एक प्रचंड पिवळं टेडी अस्वल बसलंय, डोक्यावर दिवा असलेलं. आपली माणसं तिथं हमखास थांबतात. फोटो परतीच्या वेळी काढा. गेटवर पोचल्यावरही पडद्याकडं मधून मधून बघत राहा, ऐन वेळी गेट बदलतं आणि घोषणा आपल्या कानाला कळेलच असं नाही. सगळे उठून एका बाजूला चालायला लागले तर झोपेचं सोंग घेऊ नका.

अमेरिकेची गोष्ट निराळी

अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथंच इमिग्रेशन होतं. आणि बॅगेचा टॅग पुढच्या गावाचा असला तरी सहसा ती तिथं पट्ट्यावरून उतरवून घ्यावी लागते, कस्टममधून न्यावी लागते, आणि बाहेर लगेच पुढच्या विमानासाठी परत द्यावी लागते. ‘बॅग थेट जाणार’ असं मुंबईत सांगितलेलं असतं, म्हणून लोक बॅग न घेताच पुढं जातात. शिकागोला टर्मिनल ५ वर उतरलात आणि पुढचं देशातलं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असलं, तर मधे ट्रेनही आहे. इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नाही. मी तीन तासांच्या खाली तिकीट घेऊ देत नाही.

एक सोयीचा मार्ग अबू धाबीचा. अमेरिकेचं इमिग्रेशन २०१४ पासून तिथंच होतं, अमेरिकेच्याच अधिकाऱ्यांकडून. अमेरिकेत उतरल्यावर तुम्ही देशातल्या प्रवाशासारखे बाहेर पडता. पण मग तो वेळ अबू धाबीत लागतो, तेव्हा तिथं मधे भरपूर तास ठेवा.

चुकलंच तर

गेट बंद झालंय. तिथल्या माणसाशी वाद घालत बसू नका, त्याच्या हातात काही नसतं. ‘ट्रान्सफर डेस्क’ शोधा आणि रांगेत लागा, कारण तुमच्या विमानातले आणखी वीसजण तिकडंच निघालेत. रांगेत उभं असतानाच कंपनीचं ॲप उघडा किंवा मुलाला घरी फोन करून कंपनीला फोन लावायला सांगा. बऱ्याचदा तुम्ही पोचायच्या आधीच कॉम्प्युटरनं तुम्हाला पुढच्या विमानात टाकलेलं असतं.

डेस्कवर चार गोष्टी मागा: नवा बोर्डिंग पास, बॅग त्याच विमानात आहे का याची खात्री, जेवणाचं कूपन, आणि रात्र काढायची असेल तर हॉटेल. हॉटेल विमानतळाबाहेर असलं तर व्हिसाचं काय, हेही तिथंच विचारा. मागितल्याशिवाय कूपन देतीलच असं नाही.

परतीचा प्रवास युरोपातून सुरू होत असेल तर तिथला २६१ क्रमांकाचा नियम लक्षात ठेवा. एकाच तिकिटावर कंपनीच्या चुकीनं शेवटच्या ठिकाणी तीन तासांहून जास्त उशीर झाला, तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. हवामानामुळं झालेला उशीर त्यात येत नाही. बोर्डिंग पास टाकून देऊ नका.

परत येताना

मुंबईत उतरल्यावर बॅग पट्ट्यावर येईपर्यंत पाऊण तास सहज जातो. दुपारी दोनला उतरणार आणि चारच्या सुमाराची वंदे भारत धरणार, असले हिशोब करू नका. रात्रीची सिद्धेश्वर धरा.

आणि छोट्या कनेक्शनमध्ये माणूस पोचतो, बॅग मागं राहते, हे होतंच. पट्टा थांबला आणि बॅग नाही आली तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी कंपनीच्या काउंटरवर ‘पीआयआर’ नावाचा रिपोर्ट लिहून घ्या. तो दहा आकडी नंबर इथं लागतो. बॅग फुटली असेल तर सात दिवसांत लेखी तक्रार लागते, आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. पत्ता सोलापूरचा द्या, ते घरपोच करतात. मोबाइल नंबर मात्र इथं चालणारा लिहा. मी एकदा घाईत तिकडं घेतलेल्या सिमचा नंबर लिहून आलो होतो. बॅग घेऊन आलेला पोरगा तीन दिवस त्या बंद नंबरावर फोन लावत राहिला. शेवटी रिपोर्टवरच्या पत्त्यावरून कुणाला तरी विचारून त्यानं आमच्या दुकानाचा नंबर मिळवला आणि म्हणाला, “सात रस्त्याला उभा आहे काका, आता कुणीकडं वळू?”